फाइल उघडी आहे

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली तेव्हा
मल्लेशी म्हणाला, "फुल्ल आगेति, अक्का.
विंडोज बसलंय तिथंच तुमचा संसारपण बसलाय.
उद्या सिस्टम गेली तर दोघं मिळून जातील."

बैलहोंगलचा पोरगा. माझ्याशी मराठी बोलतो,
पण आकडे मनात कानडीत मोजतो.
मी मराठीत मोजते.
बिल दोघंही इंग्रजीत लिहितो.

खानापूर, कचेरीसमोरचं दुकान.
झेरॉक्स, टायपिंग, उतारा काढून मिळेल.
पाटीवर वरती कानडी, मोठ्या अक्षरात,
खाली मराठी,
रंगाऱ्याला जेवढी जागा उरली तेवढी.

डॉक्युमेंट्स. राइट क्लिक. प्रॉपर्टीज. लोकेशन.
"मूव्ह म्हणा, आणि डी दाखवा.
डिस्क तीच हाय. मधी नुसती रेघ."

नुसती रेघच असेल तर
एक तास बारा मिनिटं कशाला दाखवतंय?

एकाच बाजूला हलवलं असतं, तो म्हणाला,
तर जुना पत्ता खोडून नवा लिहिला असता, झालं.
रेघ ओलांडायची तर एकेक अक्षर उचलून न्यावं लागतं,
तिकडं पुन्हा लिहावं लागतं,
मग इकडचं पुसायचं.
एवढं सांगून तो चहा आणायला गेला.

सासऱ्यांचं उलटं झालेलं.
ते बांधावर बसूनच होते, रेघ उठून
दुसरीकडं जाऊन बसली.
शाळेच्या दाखल्यावर मुंबई राज्य,
नोकरीच्या ऑर्डरीवर म्हैसूर,
आणि घर एकच, गणेबैलचं, उंबऱ्यासकट.
दोन्ही कागद आत्ता स्कॅन होऊन
हिरव्या पट्टीतून चाललेत,
त्यांच्यामागं लेकीचा दाखला_नवा,
दाखला_नवा_२,
दाखला_आत्ताचा_खरा.

अकरा टक्क्यांवर करंट गेला.
यूपीएस ओरडायला लागला
आणि मी उगाच
मॉनिटरवर हात ठेवून उभी राहिले,
ताप बघतात तसा.
आला परत. पट्टी पुढं सरकली.

मग सत्त्याण्णववर अडलं.
इंग्रजीत म्हणालं, फाइल उघडी आहे,
बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

"कुठली, अक्का?"

मला माहीत होतं कुठली.
हेस्कॉमला अर्ज. विषय: दुकानाचं लाइट मीटर
मष्णू घाडी यांच्या नावावरून
माझ्या नावावर करून मिळणेबाबत.
दोन वर्षं रोज सकाळी उघडते, खाली ठेवते,
आणि दिवसभर तिच्यावर
लोकांच्या अर्जांच्या खिडक्या रचत जाते.
लोकांचे मयत मी दहा मिनिटांत टाइप करते,
वीस रुपये. विषयाखाली रेघ,
नावाआधी 'कै.', सही इथं करा.
माझ्या अर्जात सगळं लिहून झालंय.
तेवढा 'कै.' राहिलाय.

"स्किप करू काय?"

थांब की जरा, म्हटलं.

कर्सर नावाच्या आधी नेऊन ठेवला.
तो लुकलुकला, चारदा, पाचदा.
कचेरीतला शिपाई आधार झेरॉक्स करायला आला,
दोन्ही बाजू, एकाच पानावर.
त्याचं करून दिलं. सुट्टे नव्हते, राहू दे म्हटलं.
मग फाइल होती तशीच सेव्ह केली
आणि बंद केली.

ट्राय अगेन. गेली.
एवढीशी होती, सत्तावीस केबी,
कधी गेली कळलंसुद्धा नाही.

मल्लेशीनं दीडशे घेतले.
"डेस्कटॉपवरची जुनी चिन्हं आता चालायची नाहीत,
त्यांना जुनाच पत्ता ठावं हाय.
काढून टाका."
काढते म्हटलं.

संध्याकाळी शटर ओढताना
मीटरकडं बघितलं. धुळीच्या काचेआड
तांबडा ठिपका लुकलुकत होता,
त्याच्याच नावावर युनिटं मोजत.
भरते की बिल.
दर महिन्याला, पाच तारखेच्या आत.